आजोबांच्या लायब्ररीतला झुंजार

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लालबागला चाळीच्या तळमजल्यावर पुस्तकं भाड्यानं द्यायचे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरच त्यांचं दुकान चालायचं. गिरण्यांच्या संपानंतर ते बंद पडलं. गेल्या वर्षी चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. आत शंभरेक पुस्तकं आहेत. बहुतेकांचं मुखपृष्ठ गेलेलं, वर पुठ्ठ्याचं बाइंडिंग, जागोजागी आजोबांचा जांभळा शिक्का. शिवाय वर्गणीदारांची एक वही, पावत्या, प्रकाशकांची जाहिरातपत्रकं, आणि एका पुस्तकात ट्रामचं तिकीट.

मला आता नाद लागलाय. झुंजार, काळा पहाड, धनंजय, अर्नाळकरांच्या या सगळ्या नायकांचा संच पूर्ण करायचाय. जुन्या पुस्तकांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ म्हणतात, शिक्क्यांच्या प्रती मला द्या, बदल्यात मुखपृष्ठासकट स्वच्छ प्रती देतो. त्यांच्याकडे मुखपृष्ठावर चित्रकार मुळगावकरांचं चित्र असलेली एक ‘पहिली आवृत्ती’ही आहे, पण किंमत ऐकून पोटात गोळा आला. ती पहिलीच आहे हे ओळखायचं कसं? बाकीची पुस्तकं नव्यानं बांधून घेऊ का? घरात कुबट वास येतो, धाकट्याला दमा आहे, यजमान वैतागलेत. डोंबिवलीचा मामेभाऊ म्हणतो, सगळं स्कॅन करून ग्रुपवर टाक आणि मूळ प्रती रद्दीत दे. काय करू?

— एक वाचक, मुलुंड (पूर्व)


ताई, नमस्कार.

अदलाबदल करू नका. बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी हे लिहिते, कारण ते गृहस्थ तुमच्या उत्तराची वाट पाहत असतील आणि एकदा प्रती हातच्या गेल्या की परत यायच्या नाहीत.

त्यांचं काही चुकतंय असं नाही. त्यांच्या धंद्यात मुखपृष्ठ असलेल्या, शिक्का नसलेल्या प्रतीला गिऱ्हाईक मिळतं आणि पुठ्ठ्यात बांधलेली प्रत पडून राहते. पण तुमच्याकडे शंभर सुटी पुस्तकं नाहीत, एक अख्खी लायब्ररी आहे. अर्नाळकरांची स्वच्छ प्रत आज ना उद्या कुणाकडे तरी सापडते. लालबागच्या चाळीतल्या भाड्याच्या लायब्ररीचा माल, शिक्के, पावत्या आणि वर्गणीदारांची वही हे सगळं एकाच ट्रंकेत, एकाच घराण्याकडे, न विस्कटता राहिलेलं मात्र क्वचित मिळतं. अशी दुकानं गिरणगावात, गिरगावात, दादरला जागोजागी होती. ती बंद झाली तेव्हा पुस्तकं किलोच्या भावानं गेली आणि वह्या बंबात. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात लेखक भेटतात, प्रकाशक भेटतात, मासिकं भेटतात. पाळी संपवून आलेल्या कामगारानं कोणतं पुस्तक नेलं आणि किती दिवसांनी परत केलं, हे सांगणारा कागद भेटत नाही. तुमच्या आजोबांची वही तो कागद आहे. तिच्यात लिहिलेल्या प्रती समोर असतील तरच तिला अर्थ. प्रती बदलल्या की वही आणि पुस्तकं दोन्ही मुकी होतील.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे ट्रंकेतली पुस्तकं वेगळी ठेवणं. तुम्ही नंतर विकत घेतलेली त्यांत मिसळू नका, कपाटाचा खणसुद्धा वेगळा करा. नव्या प्रतीला मुखपृष्ठ आहे म्हणून आजोबांची जुनी प्रत ‘जादा’ होत नाही. एका पुस्तकाच्या दोन प्रती झाल्या तर होऊ द्यात.

आता संच पूर्ण करण्याबद्दल. गिनेस बुकात अर्नाळकरांच्या नावावर १९३६ ते १९८४ या काळातल्या १,०९२ रहस्यकथांची नोंद झाली होती. हजाराचा आकडा ओलांडणारा हा डोंगर मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात रचायचा म्हटलं तर आयुष्य जाईल, पैसा जाईल, घरातली शांतता जाईल, आणि तरीही शेवटचं पुस्तक सापडलं की नाही हे खात्रीनं सांगता येणार नाही. ज्यांनी हा ध्यास घेतला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तुमच्याजवळ त्याहून चांगलं उद्दिष्ट तयार आहे. वही उघडा आणि त्यात नोंदलेली पण ट्रंकेत नसलेली पुस्तकं कोणती, याची यादी करा. कुणी परत न केलेली, कुठं गहाळ झालेली, वाचून वाचून फाटलेली अशी ती पुस्तकं असतील. तेवढीच शोधा. यादी बेताची असेल, तिला शेवट असेल, आणि तुम्ही शोधत असाल ते आजोबांच्या फळीवरचं नेमकं पुस्तक. माझ्या मते एका माणसानं, नोकरी आणि घर सांभाळून, करावा असा हाच संग्रह.

तुम्ही सुट्या कागदांचा उल्लेख शेवटी, ओझरता केलाय. मी त्यांना सगळ्यात वर ठेवते. पुस्तक हजारांच्या संख्येनं छापलं जातं, त्यातल्या काही प्रती कुठं ना कुठं टिकतातच. जाहिरातपत्रक, पावती, परतीच्या तारखेची चिठ्ठी, व्ही. पी.चं (पैसे देऊन सोडवायच्या टपालाचं) कार्ड, प्रकाशकाचं ‘लवकरच येत आहे’ असं पानभर पत्रक हे सगळं फेकून देण्यासाठीच छापलेलं असतं. म्हणून ते दुर्मीळ. बरं, त्यातून जी माहिती मिळते ती पुस्तकातून मिळत नाही: पुस्तक केव्हा येणार होतं, कोणत्या किमतीला, बरोबर आणखी काय काय छापत होते, दुकानदाराला कमिशन किती.

अशा लायब्ररीतली एक प्रत माझ्या टेबलावर आहे, एका स्नेह्यांनी बघायला दिलेली. वरून पाहिलं तर करडा पुठ्ठा आणि कडांना घासलेलं काळं कापड, बस्स. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवलेला कागद आहे आणि त्यावर तारखांचे रकाने. काही तारखा निळ्या शाईत, काही जांभळ्या, मध्येच एक पेन्सिलीनं. एका पावसाळ्यातल्या तारखा इतक्या जवळजवळ आहेत की पुस्तक एकाच्या हातातून थेट दुसऱ्याच्या हातात गेलं असणार. तिसऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलंय, दुसऱ्यानं ते शाईनं खोडून टाकलंय आणि खाली लिहिलंय, ‘असे करू नये’. पानांचे खालचे उजवे कोपरे बोटांनी काळवंडलेत, शेवटच्या प्रकरणात जास्त. ही प्रत ‘साफ’ करून घ्यावी असं मला चुकूनही वाटणार नाही. तुमच्या शंभर प्रती अशाच एकेक करून बघा. घाई नको, एका बैठकीत दोन-तीन पुरे.

बघताना नोंद ठेवा. एक साधी दोनशेपानी वही घ्या. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, छापखाना, किंमत, आवृत्ती, शिक्का कुठं कुठं आहे, चिठ्ठीवरची पहिली आणि शेवटची तारीख, आत काय सापडलं आणि कोणत्या पानात, एवढं लिहा. ट्रामच्या तिकिटाचं उदाहरण घ्या. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. म्हणजे ते तिकीट त्याआधीचं. परतीच्या चिठ्ठीवरच्या तारखा त्याच्या बाजूला ठेवल्या तर तिकीट ठेवणारा वाचक कोणत्या महिन्यातला, इथपर्यंत पोचता येईल, आणि आजोबांची वही त्याचं नावही सांगेल. तिकिटाचा नंबर, आकार, किंमत टिपा, ते होतं त्या पानासकट फोटो काढा, आणि मग तिकीट बाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. आतच राहू दिलं तर जुन्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर उतरतं आणि तपकिरी चौकोन पडतो. पाकिटावर पेन्सिलीनं पुस्तकाचा क्रमांक आणि पान लिहा. बॉलपेन अजिबात नको, त्याचा ठसा आतल्या कागदावर उमटतो.

आजोबांच्या वहीबद्दल एक विनंती. तिच्यात माणसांची नावं, खोली नंबर, कदाचित कुणाच्या थकलेल्या वर्गणीचे आकडे असतील. तिचे फोटो सार्वजनिक ठिकाणी टाकू नका. त्या माणसांची मुलं-नातवंडं अजून तुमच्या-माझ्या आसपास आहेत.

आता ती ‘पहिली आवृत्ती’. रहस्यकथांच्या बाबतीत हा प्रश्न अवघड असतो, कारण स्वस्त पुस्तकांवर छपाईचं साल असेलच असं नाही. साल दिसलं नाही तर इतर खुणांकडे बघायचं. आधी किंमत बघा. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्यामुळे आण्यांत किंमत छापलेली असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचं. बहुधा म्हणते, कारण आणे त्यानंतरही काही काळ चालत होते. ‘नवे पैसे’ किंवा ‘न. पै.’ असेल तर १९५७ नंतरचं. १ जून १९६४ पासून अधिकृत नावातला ‘नवे’ हा शब्द गेला, नुसते ‘पैसे’ राहिले. छापील किमतीवर रबरी शिक्क्यानं नवी किंमत मारली असेल तर नुकसान समजू नका, जुना साठा नव्या काळात विकल्याचा तो पुरावा आहे.

मग पत्ता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. प्रकाशकाच्या पत्त्यात ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर ती प्रत त्यानंतरच छापलेली, मग विकणारा काहीही म्हणो. उलट बाजूनं मात्र हे चालत नाही. नुसतं ‘मुंबई ४’ असेल म्हणजे ती जुनी, असं म्हणता येत नाही, सवयीनं तसं लिहिणारे पुढंही होते. काही ठिकाणी साल शकात असतं. त्यात ७८ मिळवा की इसवी सन मिळतो, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानचं असेल तर ७९.

तिसरी खूण मलपृष्ठावर आणि शेवटच्या पानांत असते, आणि हीच मला सगळ्यात भरवशाची वाटते. ‘याच लेखकाची इतर पुस्तके’ किंवा ‘आगामी’ अशी यादी तिथं छापलेली असते. ‘इतर पुस्तके’त एखादं असं नाव असेल जे समोरच्या पुस्तकाच्या पहिल्या छपाईच्या सालानंतर निघालंय, असं तुमच्या दुसऱ्या प्रतीवरून कळतं, तर समोरची प्रत पहिल्या छपाईची नाही. या कामासाठी तुमच्या मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीच उपयोगी पडतील, कारण मुखपृष्ठ गेलं तरी शेवटची पानं बहुतेक शाबूत असतात. शंभर प्रतींच्या याद्या एकापुढे एक मांडल्या की तुमच्याकडे अर्नाळकरांच्या प्रकाशनाचा एक छोटा कालपट तयार होईल. तो दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यता कमीच.

आणि बोटांनी बघा. जुनी छपाई खिळ्यांची, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून केलेली. पान उलटं करून अलगद बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव लागतो. ऑफसेटच्या पुनर्मुद्रणात पाठ गुळगुळीत असते. मुखपृष्ठ खरं की रंगीत झेरॉक्स, हे भिंगानं कळतं. जुन्या ब्लॉकच्या छपाईत ठरावीक जाळीचे ठिपके दिसतात आणि कुठंतरी एखादा रंग केसभर सरकलेला असतो. झेरॉक्समध्ये रंग कागदावर बसलेला, किंचित चमकदार दिसतो आणि घडीवर तडकतो. रघुवीर मुळगावकरांनी झुंजारला आणि काळ्या पहाडाला चेहरा दिला असं मानणारी एक पिढी आहे आणि तिचं खरंही आहे. त्यामुळे त्यांच्या चित्राला भाव असणं साहजिक. पण चित्र मुळगावकरांचं आहे याचा अर्थ आवृत्ती पहिली असा होत नाही, तेच चित्र पुढच्या छपाईलाही वापरता येतं. विकणारे या दोन गोष्टी एका दमात सांगतात, तुम्ही त्या सुट्या करून ऐका.

हे सगळं झालं की पुस्तक पूर्ण आहे का ते बघा. रहस्यकथेत शेवटची चार पानं नसतील तर काय उरलं? पानांचे आकडे मोजाच, शिवाय सोळापानी फॉर्म, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेले पानांचे गठ्ठे, बघा. प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, त्यांचा क्रम तुटता कामा नये. मधला एखादा फॉर्म दुसऱ्याच प्रतीतला घालून शिवलेला असला तर कागदाचा रंग बदललेला दिसतो.

घरी ठरेना तर ग्रंथालयात जा. शंकर गणेश दाते यांनी केलेल्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन खंड आहेत, पहिला १८०० ते १९३७ चा आणि दुसरा १९३८ ते १९५० चा. अर्नाळकरांची सुरुवातीची पुस्तकं पडताळायला त्याहून चांगलं साधन मला माहीत नाही. तुम्हाला मुलुंडहून सोपं पडेल ते ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ पासूनचं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. आणि १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकांनी आपल्या पुस्तकाची एक प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, म्हणजे टाउन हॉलला, पाठवणं बंधनकारक झालं. सगळ्यांनी पाठवल्याच असतील असं नाही, पण विचारून बघायला हरकत नाही. जाताना पुस्तक नेऊ नका, शीर्षकपान, किंमत आणि मलपृष्ठाचे फोटो न्या.

किमतीबद्दल मी आकडा सांगणार नाही, कारण या बाजारात ठरलेला भाव असा नसतोच. विकणारा किती अडलाय आणि घेणारा किती हळवा झालाय, त्यावर सौदा ठरतो, आणि तुम्ही सध्या हळव्या आहात. त्यांना वर सांगितलेल्या खुणांचे फोटो मागा. खात्रीचा माणूस आनंदानं पाठवेल. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच. आणि हे पुस्तक आजोबांच्या वहीत नोंदलेलं आहे का, ते आधी बघा. नसेल तर सोडून द्या, ते कितीही देखणं असो.

बाइंडिंगचं उत्तरही नाहीच. गल्लीतला बाइंडर पुस्तक नव्यानं बांधताना तिन्ही बाजूंनी कटिंग मशीनवर मारतो. समासातलं लिखाण जातं, कधी ओळीच्या टोकाची अक्षरं जातात. आतली तारखांची चिठ्ठी जुन्या पुठ्ठ्याबरोबर कचऱ्यात जाते. आजोबांनी करून घेतलेलं बाइंडिंग हा त्यांच्या दुकानाचाच भाग आहे. जी पुस्तकं अगदी सुटी झालीत ती सुती नाडीनं सैल बांधा आणि आम्लरहित कागदाच्या पाकिटात आडवी ठेवा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि लॅमिनेशन परत काढता येत नाही. पान फाटलंच असेल तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ, चिवट कागद), एवढंच. रंगीत झेरॉक्सचं मुखपृष्ठ करून वर चिकटवण्याचा मोहही टाळा. हौस असेल तर सुटं वेष्टण करून घाला आणि आतल्या बाजूला ‘नक्कल’ असं लिहा, म्हणजे पुढं कुणी फसणार नाही.

घरातल्या वासाकडे मात्र लगेच बघा, कारण तो मुलाच्या छातीचा प्रश्न आहे. कुबट वास म्हणजे बुरशी. मुंबईत पावसाळ्यात हवेतला दमटपणा कितीतरी दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असतो आणि बुरशीला पासष्टच्या पुढं रान मोकळं मिळतं. ट्रंक आजच मुलाच्या खोलीतून, किंबहुना झोपायच्या कुठल्याही खोलीतून, हलवा. पांढुरकी किंवा हिरवट पूड दिसते ती पुस्तकं वेगळी काढून एकेक कागदी पिशवीत ठेवा. कोरड्या दिवशी, मूल घरात नसताना, गॅलरीत एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशनं पूड बाहेरच्या दिशेला झाडा. ओल्या फडक्यानं पुसू नका. त्यानंतर सावलीत, पंख्याखाली, पानं थोडी उघडी ठेवून दोन-तीन दिवस वाळवा. गच्चीवर उन्हात घालायची आपल्याकडची पद्धत धान्याला ठीक, पुस्तकाला नाही. ऊन कागद ठिसूळ करतं आणि मुखपृष्ठाचे रंग उडवतं.

बारीक भोकं आणि भुसा दिसला तर किडा आहे, आणि पानाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसला तर कसर. अशी पुस्तकं, बुरशी नसेल तरच, घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरेल. डांबराच्या गोळ्या दम्याच्या घरात नकोतच. नंतरची जागा म्हणजे लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीला न टेकवलेलं, खालचा खण रिकामा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर त्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्या लागतात, हे विसरू नका. पत्र्याची ट्रंक ठेवा जरूर, पण पुस्तकं तिच्यात परत घालू नका. घट्ट झाकणाखाली आतली ओल आतच राहते.

यादीतली पुस्तकं शोधायची कुठं? फ्लोरा फाउंटनचे फुटपाथ आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, किंग्ज सर्कलला इंग्रजी जास्त. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुने कागद, पोस्टर, कॅटलॉग यांसाठी जायला हवं, पण भाव तिथं जाणकाराचा असतो. खरं सांगू का, मराठी रहस्यकथा रद्दीवाल्याकडे येतात. दिवाळीआधी पोटमाळे झाडले जातात तेव्हा, आणि चाळ रिकामी करायची नोटीस लागते तेव्हा. लालबाग, परळ, गिरगाव, ठाकुरद्वार इथल्या दोन-चार रद्दीवाल्यांना तुमचा नंबर देऊन ठेवा आणि स्पष्ट सांगा की फाटकं, बिनमुखपृष्ठाचं पुस्तक चालेल, शिक्क्याचं तर हवंच, वह्या-पावत्या मिळाल्या तर फेकू नका. हे बहुतेक कुणी सांगत नाही, म्हणून ते लक्षात ठेवतात. सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत समोर आली तर ती निर्लेखित केल्याचा, म्हणजे वाचनालयानं रीतसर काढून टाकल्याचा, शेरा आहे का ते बघा. शेरा नसेल तर वाचनालयाला फोन करा, मग घ्या.

राहिले मामेभाऊ. स्कॅन करायची त्यांची सूचना चांगली आहे, वाटायची नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. अर्नाळकर १९९६ साली गेले, म्हणजे २०५६ च्या अखेरपर्यंत. मुळगावकर १९७६ साली गेले, त्यांच्या चित्रांचे हक्क २०३६ पर्यंत. ग्रुपवर अख्खं पुस्तक टाकणं बेकायदा तर आहेच, शिवाय वारसांच्या संमतीनं कुणी चांगली आवृत्ती काढू म्हणेल त्याचंही नुकसान आहे. वही, पावत्या, चिठ्ठ्या, शिक्के मात्र जरूर स्कॅन करा, घरच्या उपयोगासाठी, आणि त्याची एक प्रत मामेभावांकडे राहू द्या. ट्रंक तुमच्याकडे आली म्हणून ती एकट्या तुमची झाली असं नाही, आजोबा त्यांचेही होते. त्यांना घरी बोलवा, वही दोघांनी मिळून वाचा, आणि ठरेल ते कागदावर लिहून दोघांनी सह्या करा: कुठलंही पुस्तक एकमेकांना विचारल्याशिवाय विकायचं नाही, आणि आपल्याच्यानं सांभाळणं झालं नाही तर सगळं एकत्रच एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला द्यायचं. त्यांच्या घरी कोरडी जागा असेल तर पावसाळ्यापुरतं कपाट डोंबिवलीला ठेवायला काय हरकत आहे? मुलालाही मोकळा श्वास मिळेल.

मामेभाऊ येतील तेव्हा तुमच्या आईलाही बोलवा. दुकानात कोण बसायचं, खळ कोण करायचं, वर्गणी कशी घ्यायचे, बाबूरावांचं नवं पुस्तक दुकानात कोणत्या वाटेनं यायचं, हे त्यांना विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. हे काम यादीच्याही आधी करा.